इंगळे सिस्टरनी सोडलेलं घर

इंगळे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. दारात कोणीही उभं राहो, त्यांची नजर पहिल्यांदा त्याच्या पायांवर जाई. घोटा सुजलाय का, टाचांना भेगा आहेत का, नखं पांढरी पडलीत का, हे पाहून झालं की मग त्या वर बघत आणि म्हणत, "या, बसा." पोस्टमन असो की पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांना हाच न्याय. एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला एक उमेदवार आमच्या गल्लीत आला. त्याचं बोलणं मध्येच तोडून सिस्टर म्हणाल्या, "साखर तपासली काय इतक्यात? अंगठा काळा पडून राह्यला तुमचा." कार्यकर्ते हसले, पण तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी गुपचूप तपासायला गेला आणि साखर खरंच निघाली. "निवडणुकीत पडला," सिस्टर पुढे सांगत, "पण पाय वाचला बाप्पा त्याचा."

बावीस वर्षं त्या पुसदला आमच्या घरात भाड्यानं राहिल्या. त्यांना त्या घरातून मी काढलं. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण नंतर लिहीन म्हटलं तर मी ते गोल करून लिहीन. तशी मला सवय आहे.

घर वडिलांनी बांधलेलं. ते पंचायत समितीत कारकून होते. पुढे तीन खोल्या आमच्या, मागे दोन खोल्या भाड्यासाठी, आणि मधल्या अंगणात आईचं सीताफळाचं झाड. सिस्टर पुसदजवळच्या एका उपकेंद्रावर नर्स होत्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता, मूलबाळ नव्हतं. बदली होऊन आल्या तेव्हा त्यांनी गल्लीतली पाच-सहा घरं पाहिली. खोल्या सगळीकडे रिकाम्या होत्या, आणि सिस्टरनी आडनाव सांगितलं की सगळीकडे कोणी ना कोणी पाहुणा राहायला येणार असे. आमच्या दारात आल्या तेव्हा वडिलांनी विचारलं, "नोकरी कायची?" त्या म्हणाल्या, "नर्स हावो." वडील म्हणाले, "मंग तं आमचीच गरज हाये." शेजारच्यांनी संध्याकाळी येऊन वडिलांना आडोशाला नेलं. "आडनाव इचारलं काय तुमी?" वडील म्हणाले, "इचारलं. तुमी तुमचं बीपी कोणाले इचारता ते सांगा." विषय तिथं संपला.

ही गोष्ट मी नागपूरला आमच्या कॉलेजात फार वेळा सांगितली आहे. मी तिथं प्रयोगशाळा सहायक आहे. स्टाफरूममध्ये समतेबिमतेचा विषय निघाला की मी वडिलांची ही गोष्ट काढायचो, आणि अशा थाटात सांगायचो की जणू दार मीच उघडलं होतं.

नोकरीत असताना सिस्टर सकाळच्या एसटीनं जात, पुढे बंजाऱ्यांच्या तांड्यांवर पायी. तिथल्या बायकांची गोर बोली त्या मोडकीतोडकी शिकल्या होत्या आणि त्या बायका त्यांना 'याडी' म्हणत, म्हणजे आई. लेकरांना सुई टोचताना इतर नर्सा म्हणतात, "काही नाही होत, दुखत नाही." सिस्टर तसं कधीच म्हणत नसत. त्या आधी स्वतःच्या दंडाला चिमटा काढून दाखवत आणि सांगत, "दुखते. पण एवढंच दुखते." मी एकदा विचारलं, अशानं पोरं आधीच रडत नाहीत का? त्या म्हणाल्या, "रडतात. पण पुढच्या खेपेले हात स्वतःच पुढं करतात. आपण खोटं सांगतलं तं लेकरू एकडाव फसते, मंग जलमभर दवाखान्याले भेते."

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा सिस्टर निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. वडील सात महिने अंथरुणावर होते आणि त्या सात महिन्यांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, हे सगळं सिस्टर आणि आई मिळून करत. सुरुवातीला वडील संकोचानं डोळे मिटून घेत. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "भाऊ, डोये उघडा. लाजंनं रोग दडते, मरत नाई."

मी शनिवारी जायचो, रविवारी परतायचो, आणि ही कामं चालू असली की दारातच घुटमळत उभा राहायचो. एका रविवारी सिस्टरनी मला हाताला धरून आत ओढलं. "ये, धर इकून. बापाचं आंग हाये, सापाचं नाई." मी धरलं. वडिलांना मी मोठा झाल्यावर पहिल्यांदा स्पर्श केला तो असा. तो सिस्टरनी करायला लावला नसता, तर ते गेल्यावर त्यांच्या थंड पायांनाच मी पहिल्यांदा हात लावला असता.

वडील गेल्यावर आई दोन वर्षं तिथंच राहिली. आई आणि सिस्टर दोघींची जोडी जमली होती. पातोडीचा रस्सा एकीनं करायचा, भाकरी दुसरीनं. आईला ऐकू कमी येऊ लागलं तसा दोघींच्या गप्पांचा आवाज वाढत गेला, आणि गल्लीला त्यांची सगळी गुपितं ठाऊक झाली. मग आईचे गुडघे गेले आणि मी तिला नागपूरला आणलं. पुढच्या खोल्यांच्या किल्ल्याही सिस्टरकडेच राहिल्या. आम्हीच त्यांना म्हटलं, पुढे राहायला या, बंद घर खराब होतं. त्या आल्या. दर दिवाळीच्या आधी सीताफळांचं खोकं कोणा ना कोणाच्या हाती नागपूरला येई. प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि वर चिठ्ठी : "वहिनीले एका दिवशी एकच देजो. साखर."

घर विकायचं माझ्या मनात आलं त्याला सांगण्यासारखं मोठं कारण नव्हतं. कोणी आजारी नव्हतं, कोणाचं लग्न अडलं नव्हतं. आमचा नागपूरचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती. लिफ्टचं घर हवं, आईच्या गुडघ्यांसाठी हवं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण आई महिन्यातून एकदाही खाली उतरत नव्हती आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. खरं म्हणजे माझ्या सोबतचे सगळे लिफ्टच्या, झाकलेल्या पार्किंगच्या इमारतींत गेले होते आणि माझी गाडी उन्हात उभी राहत होती.

पुसदला एक शिक्षक घर घ्यायला तयार झाले. त्यांना जुनं पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून घर रिकामं हवं होतं. मध्ये एक दलाल होता. तो म्हणाला, "भाडेकरूले विकतो म्हणून सांगू नका. बावीस वर्षांचा भाडेकरू हाये, अडून बसन. घरच्याइले राहाले पायजे म्हणा." मी त्याला म्हणायला हवं होतं की त्या अडून बसणाऱ्यांतल्या नाहीत. मला ते पक्कं माहीत होतं. पण त्याचा सल्ला मला सोयीचा वाटला. 'विकतो' म्हटलं की त्या माझ्याकडे बघतील, आणि ते बघणं मला नको होतं.

एका रविवारी मी पुसदला गेलो. सिस्टरनी नेहमीप्रमाणे माझे पाय पाहिले. "सुजले रे. गोळी खातं का नाई बीपीची?" चहा केला. मी चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "आई म्हणते, आता पुसदलाच राहायचं. नागपुरात करमत नाही तिला."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "वहिनी येऊन राह्यल्या?" त्या उठून उभ्याच राहिल्या. "मले वाटलंच होतं. त्या डब्यात कोणाले करमते? बरं, मी असं करते, मी मांगच्या खोल्याइत जाते परत. पुढचं वहिनीले. मी हावोच पाहाले."

हे मला सुचलंच नव्हतं. दलालालाही सुचलं नव्हतं. इतकी सरळ गोष्ट, की आई आली तर त्या दोघी पूर्वीसारख्याच राहतील. मी म्हणालो, "मागच्या खोल्यांत ताई येणार आहे. जावयांनी नोकरी सोडलीय, ते इकडेच काहीतरी बघतायत." माझी ताई अकोल्याला सुखात आहे. जावयांनी नोकरी सोडलेली नाही.

सिस्टर हळूच खाली बसल्या. कपबशी उचलून त्यांनी मोरीजवळ ठेवली, परत आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. लेक जवळ असली तं मंग पाहा लागत नाई." मग म्हणाल्या, "कवापर्यंत?"

मी दोन महिने म्हणालो.

आईशी फोनवर बोलू नका असं मी त्यांना सांगू शकत नव्हतो. म्हणून सांगितलं की आईला फोनवर आता अजिबात ऐकू येत नाही, उगीच गोंधळते. आणि नागपूरला येऊन आईला सांगितलं की सिस्टर पुतण्याकडे बाभुळगावला जायचं म्हणतात, त्यांनाच एकटं राहायचा कंटाळा आलाय, तर आता घर विकून टाकू. दोघींना वेगवेगळं खोटं दिलं. दोघींनीही ते खरं मानलं, कारण मी त्यांचा मुलगा होतो. एकीचा पोटचा आणि एकीचा म्हटलं तर तसाच.

आई फक्त इतकं म्हणाली, "मले नाई सांगतलं त्याइनं?" त्या रुसव्यात तिनंही मग सिस्टरना फोन लावला नाही.

त्या दोन महिन्यांत सिस्टर पुसदला खोली शोधत होत्या. मला फोन करून त्या ते हसत सांगायच्या. "एकट्या म्हाताऱ्या बाईले कोणी घर देत नाई रे. एक जण म्हणे, तुमी मेल्या तं आमी काय करा? म्या म्हटलं, बापू, जाळजो, दुसरं काय करशीन?" मी पण हसायचो. माझे तिथं ओळखीचे चार लोक होते. एकालाही मी फोन लावला नाही. शेवटी त्या खरोखरच बाभुळगावला, पुतण्या प्रकाशकडे जायला निघाल्या. आईला सांगितलेलं माझं खोटं असं खरं झालं, आणि मला खरं सांगायला लाज वाटते, पण त्यामुळे मला थोडं हलकंही वाटलं.

घराचा ताबा घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांचं सामान टेम्पोत चढून झालं होतं. म्हणाल्या, "ये, तुले दाखवते." मला वाटलं, किल्ल्या कुठल्या ते दाखवतील. त्यांनी मला संडास-बाथरूमकडे नेलं. भिंतीत लोखंडी पाइपाचा दांडा पक्का बसवलेला होता, हाताला गार लागू नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, पाय उचलले आणि बहात्तराव्या वर्षी त्या माझ्यासमोर लोंबकळल्या. "पाह्य. माह्या वजनाले पुरला. वहिनी तं काडी हायेत."

मग दारातली पायरी दाखवली. तिच्यावर सिमेंटचा उतार करून घेतला होता. न्हाणीत खाली बसायला लाकडी चौरंग. पलंगावरून हात पोचेल अशा ठिकाणी दिव्याचं बटन. आणि स्वयंपाकघराच्या दारामागे जाड काळ्या अक्षरांत लिहिलेला कागद : दूधवाला, रिक्षावाला, रक्त तपासायला घरी येणारा मुलगा, गॅसवाला. खाली लिहिलं होतं, "वहिनी, फोनवर आयकू नाई आलं तं नुसतं 'या' म्हणून ठेवजा. सारे येतात. मी सांगून ठेवलं."

मी म्हणालो, "सिस्टर, कशाला एवढं..."

"गप," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचं कंबरडं मोडते ते मोरीतच. मी जलमभर तेच पाह्यलं."

त्या वेळी सांगता आलं असतं. टेम्पो दारात उभा होता, पण निघाला नव्हता. मी किल्ल्या घेतल्या आणि त्यांना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढायला हात दिला.

रजिस्ट्री झाल्यावर महिन्याभरानं विजेच्या मीटरच्या कागदांवर सही राहिली म्हणून त्या शिक्षकांनी मला पुसदला बोलावलं. घर पाडायला सुरुवात झाली होती. पुढच्या खोल्यांचं छप्पर गेलं होतं, सीताफळाचं झाड कापून बाजूला टाकलं होतं. आम्ही धुळीत उभे राहून बोलत होतो. मधेच आईचा फोन आला, मी तिला ओरडून ओरडून सांगितलं की जेवायला थांबू नको, संध्याकाळ होईल. फोन ठेवला आणि पाहिलं, तर गल्लीच्या टोकाकडून सिस्टर येत होत्या. हातात कापडी पिशवी. बाभुळगावहून पहाटेच निघून, यवतमाळला गाडी बदलून, वहिनींना भेटायला आल्या होत्या.

त्या फाटकाशी थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. पडलेल्या घराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या विटांच्या ढिगावर बसल्याच.

"कवा गेल्या?" त्या म्हणाल्या. "मले काहून नाई सांगतलं रे, सतीश? मले काहून नाई सांगतलं?"

त्यांना वाटलं, आई गेली. आई गेली म्हणून घर विकलं, पाडलं. दुसरं काही त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या.

आता मी काय केलं ते लिहितो. मी काहीच केलं नाही. "नाही सिस्टर, आई आहे" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण माझ्या मनात त्या वेळी आलं की हे असंच राहिलं तर सगळं जुळून जातं. माझं आधीचं बोलणंही खोटं ठरत नाही, घर विकलं त्याचाही जाब द्यावा लागत नाही. माझी जिवंत आई, जिच्याशी मी दोन मिनिटांपूर्वी बोललो होतो, तिला मी त्या ढिगाऱ्यात मरू दिलं. एका बाईला तिच्यासाठी रडू दिलं आणि उभा राहून पाहत होतो.

शेवटी ते शिक्षकच गोंधळून म्हणाले, "आजी, कोण गेलं? यांच्या आई का? अहो, आत्ताच तर बोलले हे त्यांच्याशी फोनवर. नागपूरला आहेत त्या."

सिस्टरनी पदर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जित्या हायेत?"

मी मान हलवली.

"मंग झालं," त्या म्हणाल्या. आणि खरोखर हसल्या. "लाव बरं फोन. मले आवाज आयकू दे."

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. आई फोनवर आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलायची. आईनं सिस्टरचा आवाज ओळखला आणि पहिलंच विचारलं, "काय वं सिस्टर, घर सोडून पुतण्याकडे गेल्या, अन् मले एका शब्दानं नाई सांगतलं? मी का परकी हावो?"

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. आईला सांगितलेलं माझं खोटं त्यांना असं, त्या ढिगावर बसल्या बसल्या कळलं. जी बाई तीन वर्षांच्या लेकरालासुद्धा 'दुखत नाही' म्हणत नसे, ती फोनमध्ये ओरडून म्हणाली, "चुकलं वहिनी माहं. पाय दुखून राह्यले होते, एकटीले जमेना. घाईघाईत राहूनच गेलं सांगाचं."

पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. आत सांडगे होते आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली. जाताना त्यांनी ढिगारा उपसणाऱ्या बाईला बोलावलं. भंगारात तो लोखंडी दांडा उभा करून ठेवला होता. "तुह्या घरी म्हातारं माणूस हाये काय कोणी? सासू? मंग हा घेऊन जा, कामाचा हाये." त्या बाईनं मालकांकडे पाहिलं, मालकांनी मान हलवली.

मी त्यांना गाडीनं बसस्थानकावर सोडलं. उतरताना दार धरून म्हणाल्या, "वहिनीले सांगू नको. बीपी वाढन त्याइचं." आणि गेल्या.

हा सल्ला मी चौदा महिने जपून ठेवला. आई अधूनमधून म्हणायची, सिस्टरचा फोन लाव. मी लावायचो. पण दोघींचं बोलणं पूर्वीसारखं लांबत नसे. एका सकाळी प्रकाशचा फोन आला. काकू रात्री झोपेतच गेली. बातमी कळली तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते, पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जायचंच, असं आईनं ठरवलं. दुसऱ्या मजल्यावरून तिला मी आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. लिफ्टचं घर तोवर घेऊन झालं नव्हतं, इमारतीचं काम रखडलं होतं.

आई पुढे माझ्याशेजारी बसली होती. देवळी मागे पडलं. बाहेर बघत ती म्हणाली, "मले एक कयलं नाई रे. सिस्टर माह्यावर रागावल्या होत्या काय? काहून सोडलं त्याइनं घर? म्या नागपूरले आली म्हणून?"

इतके महिने ती हा प्रश्न मनात घेऊन बसली होती. माझा समज होता की खोट्याचा मार एकाच माणसाला बसला.

मी म्हणालो, "त्यांनी नाही सोडलं. मी सोडायला लावलं."

"काय?"

"मी काढलं त्यांना."

"काय म्हणतं? जोरानं बोल."

मग मला गाडी चालवत, सगळं ओरडून सांगावं लागलं. तू येणार आहेस असं मी त्यांना सांगितलं. ताईचं खोटं सांगितलं. तुला पुतण्याचं खोटं सांगितलं. तुझ्यासाठी त्यांनी मोरीत दांडा बसवला होता. प्रत्येक वाक्य दोनदा, काही तीनदा. काचा उघड्या होत्या. कळंबजवळ रस्त्याच्या कडेच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून आमच्याकडे बघत होत्या.

"गाडी थांबव," आई म्हणाली.

मी थांबवली. ती एकटीच, दार धरून धरून खाली उतरली. मी मदतीला वळून येईपर्यंत तिनं मागचं दार उघडलं होतं आणि मागच्या सीटवर बसली होती. बाभुळगावपर्यंत ती तशीच मागे बसून आली.

प्रकाशच्या घरासमोर छोटा मांडव होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, फोटोसमोर मेणबत्त्या. बुद्धवंदना झाली. मग दोन-चार लोक सिस्टरबद्दल बोलले. तांड्यावरून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला बोलताच येईना, ती फोटोला नुसतं 'याडी, याडी' म्हणून बसली. प्रकाशनं मग माईकवर म्हटलं, "काकूचे घरमालक नागपूरहून आले हायेत. ते दोन शब्द बोलतील."

मी उठलो. आई बायकांत पुढे बसली होती, तिचे डोळे माझ्यावर होते. सांगायचं असं मी ठरवलं होतं. माईक हातात घेतला आणि माझ्या तोंडून वडिलांची गोष्ट निघाली. गल्लीत कोणी खोली देत नव्हतं, आणि माझ्या वडिलांनी दार उघडलं. "तुमचं बीपी कोणाला विचारता" या वाक्याला लोक भरल्या डोळ्यांनी हसले. मी खाली बसलो तेव्हा एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला.

आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. परत निघालो, गाव संपलं, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "सांगतलं काय तुनं साऱ्याइले?"

मी आरशात पाहून मान नकारार्थी हलवली. का कोण जाणे, त्या वेळी खोटं बोलता आलं नाही.

"मंग काय सांगतलं येवढा वेळ?"

"बाबांचं."

आईनं मागून माझ्या सीटवर थाप मारली. मग म्हणाली, "चाल परत."

आम्ही परत आलो तेव्हा लोक गेले होते. प्रकाश मांडवात एकटाच प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होता. त्याची बायको फोटोसमोरची जागा झाडत होती. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. या वेळी ओरडावं लागलं नाही. फार वेळही लागला नाही. ढिगाऱ्यावर त्या रडल्या आणि मी गप्प राहिलो, तेही सांगितलं.

प्रकाशनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "काकू तं आमाले म्हणे," तो सावकाश म्हणाला, "मालकाची माय राहाले आली, म्हणून म्या घर सोडलं. लय चांगले लोक हायेत, म्हणे. शेवटपर्यंत साऱ्याइले हेच सांगे."

त्याच्या बायकोनं केरसुणी बाजूला ठेवली, हात धुतले आणि आईला दंडाला धरून आत नेलं. "या आजी, च्या घ्या." मला कोणी बस म्हटलं नाही. प्रकाश पुन्हा खुर्च्या उचलू लागला. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिकडून एकेक खुर्ची उचलून दुसरीत घालायला लागलो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.